मागावरच्या बायका आणि मातीच्या पाट्या



असीरियन लोकांचं नाव निघालं की इतिहासाच्या पुस्तकात लढाया येतात. मोठं सैन्य, पंखांचे दगडी बैल, निनवे शहर. आज आम्ही त्यांच्याबद्दलच बोलणार आहोत, पण सुरुवात करणार आहोत मागापासून.

आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी अश्शूर नावाचं शहर होतं. तिथल्या देवाचं नावही अश्शूर. त्या नावावरून लोकांना असीरियन म्हणू लागले. आम्ही सांगतोय ती गोष्ट सुमारे 3900 वर्षांपूर्वीची. तेव्हा त्यांचं साम्राज्य नव्हतं, व्यापार होता. अश्शूरचे पुरुष कथील आणि लोकरीचं कापड गाढवांवर लादून आजच्या तुर्कस्तानातल्या कानेश या गावी न्यायचे. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, वाट साधारण सहा आठवड्यांची. तिथे माल विकायचा आणि चांदी-सोनं घरी धाडायचं. कितीतरी पुरुष वर्षानुवर्षं तिकडेच राहिले.

मग कापड कोण करायचं? काही दक्षिणेकडून, बाबिलोनच्या मुलखातून विकत यायचं. बाकीचं अश्शूरच्या घराघरांत तयार व्हायचं. लोकर विंचरायची, कातायची, विणायची, हे काम बायकांचं. घरची मालकीण, तिच्या मुली आणि दासी मिळून ते करत.

हे आपल्याला कळलं कसं? कानेशच्या व्यापाऱ्यांनी आलेली पत्रं घरात जपून ठेवली होती. तेव्हा कागद नव्हता. ओल्या मातीच्या हातभर नव्हे, हाताच्या पंजात मावेल एवढ्या पाटीवर टोकदार काडीनं लिहायचं, वर मातीचंच पाकीट घालायचं आणि त्यावर शिक्का उमटवायचा. पुढे त्या वस्तीला आग लागली. घरं गेली, पण पाट्या राहिल्या. 1925 मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने तिथे खोदकाम केलं आणि 1948 पासून तहसीन ओझ्ग्युच या तुर्की संशोधकाने ते पुढे नेलं. आजवर 23 हजारांच्या आसपास पाट्या मिळाल्या आहेत. 2015 मध्ये युनेस्कोने हा ठेवा जगाच्या स्मृतींच्या यादीत घेतला. त्यात बायकांनी पाठवलेली पत्रंही आहेत. ती लिपी थोड्या चिन्हांत भागणारी होती, त्यामुळे काही बायका स्वतःच लिहीत असाव्यात असं अभ्यासक मानतात.

लामास्सीचंच बघा. तिचा नवरा पुशू-केन कानेशमधला मोठा व्यापारी. ती अश्शूरला घर, मुलं आणि माग सांभाळायची. कोणत्या माणसाबरोबर किती कापडं पाठवली, ते ती पत्रात नोंदवायची आणि त्यांचे पैसे मागायची. एकदा कापड कमी गेलं म्हणून नवरा चिडला. तिने कळवलं की मुलगी मोठी झाली आहे, घरच्या माणसांसाठीही विणावं लागलं, रागावू नका. गावात लोकर महाग झाली आहे, तेव्हा चांदीबरोबर लोकरही पाठवा, असंही ती सांगते. आणि एका पत्रात मनातली सल आहे: अमक्याने तुम्ही गेल्यापासून दुप्पट घर बांधलं, आपलं कधी होणार?

तारम-कुबीचं पत्र तर काळजाला लागतं. गावात दुष्काळ पडला होता. तिने नवऱ्याला सुनावलं की जाताना घर झाडून नेलंत, चांदीचा तुकडा ठेवला नाहीत, धान्यही ठेवलं नाहीत, आणि वर मीच उधळपट्टी करते म्हणून लिहिता?

तिकडून सूचनाही यायच्या. एका व्यापाऱ्याने कळवलं की कापडाची एक बाजू विंचरून घ्या, लव कातरू नका, वीण घट्ट ठेवा, लांबी 9 हात आणि रुंदी 8 हात हवी. म्हणजे माल कसा हवा हे बाजार ठरवायचा. पण विकलेल्या कापडाची चांदी विणणारीच्या नावाने परत यायची. तिच्यातून घर चालायचं. काही जणी उरलेली चांदी व्याजाने द्यायच्या किंवा व्यापारात घालायच्या. लामास्सीची मुलगी अहाहा देवाला वाहिलेली होती. तिनेही व्यापारात पैसा गुंतवला आणि तो अडकला तेव्हा भावांना पत्र लिहून मागितला.

लग्नाच्या करारांतही हा रोखठोकपणा दिसतो. परदेशी राहणारा नवरा तिकडे दुसरी बायको करू शकत असे, पण दोघींना एकच दर्जा देता येत नसे. काही करारांत तर सोडचिठ्ठी नवऱ्याने दिली काय नि बायकोने दिली काय, दंड दोघांना सारखाच लिहिलेला आहे.

आता पुढचं ऐका. साधारण 700-800 वर्षांनंतरचे कायदे याच अश्शूर शहरात सापडले आहेत. त्यांत लग्न झालेल्या बाईने रस्त्यावर डोकं झाकलंच पाहिजे असं आहे. दासीने आणि वेश्येने मात्र झाकायचं नाही. झाकलं तर वेश्येला 50 फटके आणि डोक्यावर डांबर, दासीचे कान कापायचे. नवऱ्याने बायकोला मारणंही त्यात गुन्हा ठरत नाही. पत्र वेगळं आणि कायदा वेगळा, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. तरी एवढं कळतं की काळ पुढे गेला म्हणजे बाईची वाट आपोआप रुंद होत नाही.

पुढे असीरियन साम्राज्य खूप वाढलं. राजा अशुरबनिपालने निनवेत मातीच्या पाट्यांचं मोठं ग्रंथालय जमवलं. इसवी सनापूर्वी 612 मध्ये निनवे पडलं. पण आपण असीरियन आहोत असं सांगणारे लोक आजही इराक, सीरिया, तुर्कस्तान, इराणमध्ये आणि जगभर विखुरलेले आहेत. ते अरमाईक भाषेच्या बोली बोलतात आणि 1 एप्रिलला नवं वर्ष साजरं करतात. 2014 मध्ये निनवेच्या परिसरातल्या हजारो कुटुंबांना अतिरेक्यांच्या भीतीने एका रात्रीत घरं सोडावी लागली. घर सोडून पळालेल्या माणसांची जुनी भाषा, गाणी आणि रीत पोरांपर्यंत पोचवायचं काम आज तिथल्या आया-आज्या करत आहेत.

मैत्रिणींनो, लामास्सीचं घर कसं होतं, ती दिसायची कशी, हे कोणालाच ठाऊक नाही. तिने किती कापडं पाठवली हे मात्र ठाऊक आहे, कारण तिने ते लिहून ठेवलं. आपल्यातही कितीतरी जणी घरबसल्या शिवण करतात, गोधड्या शिवतात, पापड लाटतात, आणि माल घेऊन जाणारा सांगेल तो आकडा मान्य करतात. एक वही करा. तारीख, किती नग दिले, कोणाकडे दिले, किती पैसे आले आणि किती राहिले, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून लिहून घ्या. हिशोब मागायला बसाल तेव्हा ती वही हातात असू द्या.