अ‍ॅबरव्हॅनचे गाऱ्हाणे

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागातील दऱ्याखोऱ्यांत पूर्वी दगडी कोळशाच्या अनेक खाणी होत्या व त्यांवरच तेथील गावांचा चरितार्थ चाले. मर्थर टिडफिल या शहराजवळचे अ‍ॅबरव्हॅन हे असेच एक गाव होय.

खाणीतून निघणारे निरुपयोगी दगड, माती व गाळ गावामागील डोंगरावर टाकीत. १९५८ साली सुरू झालेला सातवा ढीग तर जिवंत झऱ्यांवरच रचला गेला. अशा ढिगात पाणी मुरले म्हणजे बारीक गाळ पातळ होतो आणि वरचा भार पेलण्याची शक्ती त्यात उरत नाही. डोंगराच्या पायथ्याशी पँटग्लास येथील प्राथमिक शाळा होती.

हा धोका कोणाच्याच ध्यानी आला नव्हता असे नाही. १९६३ साली नगरपालिकेच्या अभियंत्यांनी त्याविषयी पत्रव्यवहार केला. १९६४ साली नगरसेविका ग्विनेथ विल्यम्स यांनी, ढीग सरकल्यास शाळेवर संकट ओढवेल, असे समितीच्या बैठकीत बजावले. परंतु खाणीची मालकी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे होती आणि ढीग वाढतच राहिला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी तो कोसळला. ११६ मुले व २८ प्रौढ माणसे प्राणास मुकली.

चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली कोळसा मंडळास दोषी ठरविले. तेथील साक्षीत स्थानिक खासदार एस. ओ. डेव्हिस यांनी एक कटू सत्य सांगितले. ढिगाची भीती त्यांच्या मनात पूर्वीपासून होती. परंतु तक्रार केल्यास खाणच बंद होईल आणि गावाची भाकरी जाईल, या शंकेने ते गप्प राहिले होते. पोट आणि प्राण यांच्या अशा कात्रीत सापडलेल्या गावाचे गाऱ्हाणे मांडणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

पुढे उरलेले ढीग हलवावेत म्हणून ग्रामस्थांनी आग्रह धरला. तेव्हा सरकारने त्या खर्चासाठी आपद्‌ग्रस्तांच्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. निधीच्या समितीत या मागणीविरुद्ध मत देणारे डेव्हिस हे एकटेच होते. ठराव संमत होताच त्यांनी राजीनामा दिला. १९६९ साली अशा ढिगांच्या सुरक्षिततेसाठी कायदा झाला. घेतलेली रक्कम मात्र १९९७ साली परत मिळाली, आणि २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी पंधरा लाख पौंड दिले.

लोकप्रतिनिधीने वेळीच बोलणे अगत्याचे आहे. परंतु अधिकारावर असणाऱ्यांनी ते वेळीच ऐकणे त्याहूनही अगत्याचे आहे. यांपैकी एक जरी चुकले, तरी त्याचे मोल निरपराध जनतेस द्यावे लागते.