पुनर्विकासात घर सोडताना: दोन स्थलांतरांची तयारी

सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की चर्चा चटई क्षेत्र, कॉर्पस आणि भाड्याच्या रकमेभोवती फिरते. ती महत्त्वाची आहेच. आज मात्र आपण त्यापुढचा प्रश्न घेऊ. तीस-चाळीस वर्षं राहिलेलं घर रिकामं कसं करायचं, आणि ते करताना घरातली माणसं, विशेषतः वयस्कर माणसं, खचणार नाहीत हे कसं बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे इथे स्थलांतरं दोन असतात. एक आत्ता, भाड्याच्या घरात. दुसरं, इमारत उभी राहिल्यावर परत. मध्ये दोन-तीन वर्षं जातात, कधी त्याहूनही जास्त. आज विचार न करता जे बांधू, ते दोनदा उचलावं लागतं आणि मधली वर्षं भाड्याच्या खोलीत त्याला जागा द्यावी लागते.

दुसरी गोष्ट अशी की या कामात खरा थकवा ठरवण्याचा असतो. उचलायला हमाल मिळतात, टेम्पो मिळतो. पण आईच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ ठेवायचं की कुणाला द्यायचं, हे हमाल सांगणार नाही. असे शेकडो निर्णय शेवटच्या दोन दिवसांवर आले की घरात वादावादी होते. म्हणून आधी निर्णय, मग बांधाबांध.

सुरुवात माळ्यापासून करू. तिथलं सामान रोजच्या वापरातलं नसतं, त्यामुळे ठरवणं सोपं जातं. एका आठवड्यात एकच जागा घ्यायची: माळा, मग कपाटं, मग पुस्तकं, आणि स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. फोटो आणि जुनी पत्रं सुरुवातीला उघडायचीच नाहीत. अल्बम हातात आला की दुपार तिथेच संपते! प्रत्येक वस्तूसाठी तीनच पर्याय ठेवायचे: भाड्याच्या घरात लागेल, नव्या घरातच उघडू, किंवा आत्ताच देऊन टाकू.

आता कागदपत्रं. विकासकाशी झालेल्या नोंदणीकृत कराराची प्रत आणि भाड्याच्या रकमेबाबतचं लेखी आश्वासन हातात असल्याशिवाय किल्ली देऊ नये. शेअर सर्टिफिकेट, घराचा मूळ करार, आधार, वैद्यकीय फाइल आणि दागिने एका पिशवीत ठेवून ती स्वतःजवळ बाळगायची, टेम्पोत द्यायची नाही. भाड्याच्या घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार 11 महिन्यांचाच करावा लागतो असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. 24 किंवा 36 महिन्यांचाही करता येतो. बांधकामाला वेळ लागणार असेल तर मधेच पुन्हा घर शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच बोलून घ्यावं.

दिवस निवडताना महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळलेले बरे, कारण तेव्हा टेम्पोला मागणी जास्त असते. नव्या सोसायटीत सामानासाठी लिफ्ट कधी वापरू देतात, तेही विचारून ठेवावं. पुस्तकं लहान खोक्यांत भरायची, मोठं खोकं उचलवत नाही. खोक्यावर आत काय आहे यासोबत ते कोणत्या खोलीत जाणार हेही लिहायचं. फ्रीज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवायचा, उभाच न्यायचा, आणि पोचल्यावर काही तास थांबून मगच सुरू करायचा. पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी: औषधं, चहाचं सामान, चादरी, चार्जर, एक बल्ब आणि पक्कड-पेचकस.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आजी-आजोबांना जुन्या घरात अंधारातही दिव्याचं बटण सापडतं. नव्या घरात रात्री बाथरूमला जाताना त्याच सवयीने वळले की पडण्याचा धोका असतो. म्हणून सामान पोचल्यावर आधी त्यांची खाट लावायची, बाथरूमच्या वाटेत रात्रीचा दिवा लावायचा, आणि त्या वाटेवरून त्यांच्याबरोबर दोन-तीनदा चालायचं. वाटेत खोकं ठेवायचं नाही. जवळचा डॉक्टर आणि औषधाचं दुकान राहायला जाण्याआधीच बघून ठेवायचं. त्यांच्या वस्तू त्यांच्या मागे टाकून द्यायच्या नाहीत. "हे ठेवायचं का?" असं समोर बसून विचारायचं, आणि उत्तर 'हो' आलं तर ते पाळायचं.

सामान तर पोचतंच, पण शेजार विखुरतो. रोज संध्याकाळी बाकावर बसणारी चार माणसं चार उपनगरांत जातात, आणि तीन वर्षांनी सगळी परत येतीलच असं नाही. शक्य असेल तर दोन-तीन कुटुंबांनी एकाच भागात घरं शोधावीत. ते जमलं नाही तर घर सोडण्याआधीच सगळ्यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत आणि महिन्यातला एक भेटीचा दिवस ठरवावा. तो दिवस सांभाळणं हे तरुण मंडळींचं काम, कारण ने-आण त्यांनाच करायची आहे.

माळा या रविवारी काढायला हरकत नाही. पण त्याआधी आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा: "नव्या जागी तुमच्या खाटेशेजारी काय काय हवं?" यादी तिथून सुरू करू.