परदेशातील चित्रकार: पडद्यावरचा आणि खरा

चित्रकाराला मोठे व्हायचे असेल, तर त्याने गाव सोडलेच पाहिजे काय? कोल्हापुराला कलापूर म्हणणाऱ्या आपणां सर्वांस हा प्रश्न जवळचा आहे. ‘प्रभात’ कंपनी येथे 1929 साली स्थापन झाली आणि 1933 साली पुण्यास गेली; बाबूराव पेंटर मात्र येथेच राहिले. या प्रश्नाचा विचार आम्ही एका अमेरिकन बोलपटाच्या आधाराने करणार आहोत.

‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ हा व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केलेला संगीतपट 1951 साली निघाला. महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्येच राहिलेला एक अमेरिकन सैनिक चित्रकार होऊ पाहतो. एक धनवान बाई त्याला आश्रय देऊ करते. परंतु त्याचे मन जडते अत्तराच्या दुकानातील एका मुलीवर. तिचा विवाह तर दुसऱ्याशीच ठरलेला! जीन केली आणि लेस्ली कॅरन यांनी या भूमिका केल्या. उत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह सहा ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली.

गंमत अशी की, यांतील बहुतेक पॅरिस कॅलिफोर्नियातील स्टुडिओत उभारलेले आहे. शेवटी सुमारे सतरा मिनिटांचे एक नृत्य आहे. त्यात शब्द नाही. त्याची दृश्ये द्यूफी, रन्वार, उत्रियो, व्हॅन गॉग, तुलूझ-लोत्रेक अशा चित्रकारांच्या शैलीत रंगविली आहेत. कोल्हापूरकरांस यात अपूर्वाई वाटू नये. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूरावांनीच 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. कुंचला आणि कॅमेरा यांचे नाते येथे फार जुने आहे.

या नृत्याचे संगीत जॉर्ज गर्श्विन यांचे. ते 1928 सालचे, म्हणजे चित्रपटाच्या पुष्कळ आधीचे. पॅरिसच्या रस्त्यांवरील गजबज स्वरांत यावी म्हणून गर्श्विन यांनी टॅक्सीचे खरेखुरे भोंगे वाद्यमेळात घेतले. पण त्या भोंग्यांनंतर मध्येच अमेरिकेतील ‘ब्लूज’ या गाण्याचा उदास सूर येतो. परमुलखात फिरणाऱ्या माणसाला घर आठवते, तो हा सूर.

आता खरी गोष्ट पाहू. ज्या साली हा बोलपट निघाला, त्याच 1951 साली मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसला गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा गोमंतकीय तरुण तेथे दहा वर्षे राहिला. त्याने तेथील कलाशाळेत भित्तिचित्राचे शिक्षण घेतले, प्रदर्शने भरविली. आणि रंगविले काय? तर गीतगोविंद आणि रामायण! परत आल्यावर त्यांनी आपल्या रागसंगीतावर चित्रे काढली. पुढे 1977 ते 1987 ते गोव्याच्या कलामहाविद्यालयाचे प्राचार्य होते. 2018 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 2021 साली ते निवर्तले.

बोलपटात प्रेमाचा निकाल लागतो, परंतु त्या चित्रकाराच्या प्रदर्शनाचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. प्रेमकथेला त्याची गरज नसते. खऱ्या चित्रकाराला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. रोजचा खर्च, नवे तंत्र, परकी भाषा आणि आपण कोणाचे, हा प्रश्न, यांतून वाट काढीत त्याला रोज फलकासमोर उभे राहावे लागते.

म्हणून आमच्या मते गाव सोडणे वा न सोडणे हा मुख्य प्रश्न नव्हे. पै गेले, आणि घर बरोबर घेऊन गेले. बाबूराव राहिले, आणि जगातील नवे यंत्र त्यांनी येथे घडविले. दोघांनीही उसने काही रंगविले नाही. आज एखादा विद्यार्थी मुंबईची वा परदेशाची वाट धरू लागला, तर त्याला अडवू नये. आणि जो येथेच राहील, त्याच्या चित्रांना गिऱ्हाईक नाही म्हणून त्याला कुंचला खाली ठेवावा लागू नये. पहिले काम त्याच्या घरच्यांचे आहे. दुसरे मात्र आपणां सर्वांचे आहे.