चित्रफितीची नक्कल आणि मूळ दस्त

२०११ साली आमच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस सांगलीच्या जुन्या घरी साजरा झाला. थोरल्या मुलाने नुकताच हाय-डेफिनिशन कॅमेरा घेतला होता. जेवणे आटोपल्यावर आईने आजोबांच्या हातची पहिली खतावणी मांडीवर घेतली आणि हळदीच्या अडतीचा आरंभ कसा झाला, पहिली पोती कोणाकडून उधारीवर मिळाली, हे पाने उलटीत सर्वांना सांगितले. एरवी व्यवहाराचे बोलणे पुरुषांकडे सोपवणारी आई त्या दिवशी नावानिशी आणि रकमेनिशी बोलत होती. सत्तर मिनिटांचे ते चित्रण.

नातेवाइकांना प्रती हव्या होत्या आणि तेव्हा बहुतेकांच्या घरी डीव्हीडी प्लेअरच असे. मी रात्री संगणकापुढे बसून स्वतः डीव्हीडी तयार केली, पंधरा प्रती वाटल्या आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुढच्या लग्नकार्यासाठी पुसून मोकळे केले. काम चोख झाले, अशी माझी समजूत होती.

आई २०१६ मध्ये गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेठेत शिरले आणि पेढीच्या कपाटातील त्या खतावणीचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर आम्ही भावंडांनी डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावली. आईचा आवाज स्वच्छ आहे, चेहरा ओळखू येतो. परंतु मांडीवरच्या वहीत अक्षरांच्या जागी नुसत्या करड्या रेघा दिसतात.

कारण साध्या गुणाकारात आहे. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६००. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोबर एकपंचमांश. पाच ठिपक्यांपैकी चार मी टाकून दिले होते, आणि त्यांतच आजोबांचे अक्षर होते. उरल्यासुरल्या चित्रावर पुन्हा दाब पडतो. मूळ चित्रण सुमारे ९ जीबीचे होते आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावते. शिवाय डीव्हीडीला एमपेग-२ ही जुनी संक्षेपपद्धती लागते, तर कॅमेऱ्याची एच.२६४ ही तेवढ्याच जागेत पुष्कळ अधिक तपशील राखणारी.

अशा रूपांतराला हात घालण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. व्यापारी घरांत तो समजावणे सोपे आहे: पोते वेगळे आणि माल वेगळा. एमपी४, एमकेव्ही, एमटीएस ही पोत्यांची नावे, एच.२६४ किंवा एमपेग-२ हा आतला माल. कित्येकदा फाइल चालत नाही ती केवळ पोते अनोळखी असते म्हणून. प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र एमकेव्ही उघडत नाही, पण तोच एच.२६४ माल एमपी४ मध्ये भरून दिला तर बिनतक्रार दाखवते. एफएफएमपेग या मोफत साधनाने असे पोते बदलायला काही मिनिटे लागतात आणि ठिपकाही कमी होत नाही. हँडब्रेक हे दुसरे मोफत साधन वापरायला सोपे, परंतु ते चित्र दर वेळी नव्याने संक्षेपित करते. म्हणजे माल पुन्हा दळला जातो. तो दळावाच लागला, तर गुणवत्तेचा आकडा २० च्या आसपास ठेवावा. आकडा जितका लहान, तितकी प्रत उत्तम आणि फाइल जड. (बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे उलटे माप अंगवळणी पडायला वेळ लागतो.)

त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांची आणखी एक खोड आहे. ते सेकंदाला ५० अर्धी चित्रे टिपतात. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. संगणकावर पाहताना हलत्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या यामुळे. संगणकासाठी एमपी४ करताना हँडब्रेकमधील डीइंटरलेसची सोय वापरावी. डीव्हीडीसाठी मात्र अर्धी चित्रे तशीच राहू द्यावीत; ती तबकडी त्याच पद्धतीची आहे.

घरात ब्लू-रे प्लेअर किंवा प्लेस्टेशन ३ असेल, तर मी केली तशी डीव्हीडी करण्याची गरजच नव्हती, हे मला फार उशिरा कळले. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीने साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही फुल एचडी चित्रण लिहिता येते. मर्यादा वेळेची: कॅमेऱ्याच्या सेकंदाला १७ मेगाबिट या दराने एका तबकडीवर सुमारे ३५ मिनिटे. आमचे चित्रण दोन तबकड्यांत बसले असते. २५ जीबीच्या ब्लू-रे तबकडीवर त्याच दराने तीन तासांहून अधिक मावते. साध्या डीव्हीडी प्लेअरवर मात्र यांतले काहीच चालत नाही. त्या आप्तांसाठी कमी प्रतीची वेगळी नक्कल करावीच लागते. नक्कल करण्यात दोष नव्हताच. कर्ज फिटेपर्यंत मूळ दस्त तिजोरीतून हलू न देणाऱ्या मी, घरच्या बाबतीत मात्र झेरॉक्स ठेवून दस्त फाडला, ही माझी चूक.

पेनड्राइव्हचा प्रश्न राहिला. तो फॅट३२ रचनेचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर उतरत नाही, जागा कितीही रिकामी असो. प्लेस्टेशन ३ ला हीच रचना लागते. प्लेस्टेशन ४ एक्सफॅट रचनाही वाचते, त्यामुळे तेथे ही अडचण उरली नाही. रचना बदलताना पेनड्राइव्ह पुसला जातो, म्हणून आतले सारे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे.

या ४ जीबीच्या मर्यादेची आमच्या घरी एक वेगळीच कथा झाली. धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. वाढदिवसाच्या रात्रीच त्याने कार्डावरून चित्रण लॅपटॉपवर उतरवून घेतले होते, आपल्या प्लेस्टेशन ३ वर पाहण्यासाठी. एवढी मोठी फाइल पेनड्राइव्हवर जाईना, म्हणून त्याने माल न हलवता तिचे तीन तुकडे केले. मला याची वार्ता नव्हती. गेल्या वर्षी त्याने जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी तपासला, तेव्हा पहिला तुकडा सापडला. उरलेले दोन त्याने कधीतरी खेळांना जागा करण्यासाठी पुसले होते. मी त्याला काय बोलणार?

तो तुकडा आता दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे कोल्हापुरास. त्यात वहीची पहिली चार पाने दिसतात. चित्र थांबवून भिंगाशिवाय वाचता येते: जमेच्या बाजूस हळदीच्या पोत्यांची संख्या, खाली उधारी देणाऱ्याचे नाव, आणि आजोबांची सही. पाचवे पान उलटण्यापूर्वी आई चष्मा पुसायला थांबते, आणि तुकडा तेथे संपतो.