न पडता मोडलेला खुबा

‘आमचा बोका सव्वा वर्षाचा आहे. घराबाहेर जात नाही, गॅलरीला जाळी आहे. तरी लंगडतो म्हणून दाखवला, तर खुब्यापाशी हाड मोडलंय म्हणाले. पडल्याशिवाय हाड मोडतं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

मोडतं. बोक्याची नसबंदी लवकर झाली असणार आणि तो चांगला गुबगुबीत असणार, हेही पत्रात लिहिलेलं नसताना सांगायचा मोह होतो. कारण या दुखण्याचे रुग्ण बहुतेक तसेच असतात.

याचं कारण हाडाच्या वाढीत आहे. हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढतं. हे दाखवणाऱ्यांत माझा आवडता माणूस म्हणजे स्टीफन हेल्स. घोडीच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजणारा म्हणून हा इंग्रज पाद्री ओळखला जातो. त्याची कोंबडी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुटीवर ठरावीक अंतराने शेंदरी ठिपके देऊन वेल कुठे वाढते, हे तो पाहत होता. मग त्याला हाडाचीही तशीच परीक्षा घ्यावीशी वाटली. अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पायाच्या हाडाला त्याने अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभर लांब झालं होतं, भोकांमधलं अंतर मात्र अर्धा इंचच होतं! 1727 साली हा प्रयोग छापून आला, तोही वनस्पतींवरच्या पुस्तकात.

हाडाच्या टोकाशी वाढ करणारी कूर्चेची पातळ चकती म्हणजे ग्रोथ प्लेट. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. वाढ संपली की चकतीचं हाड होतं आणि दोन्ही भाग सांधले जातात. मांजराच्या खुब्यात हे साधारण साडेसात ते दहा महिन्यांच्या वयात घडतं.

वाढ थांबवण्याचा निरोप लैंगिक संप्रेरकांकडून येतो, आणि गंमत म्हणजे नरातही त्यात ईस्ट्रोजेनचा वाटा मोठा असतो. 1994 साली डॉक्टरांनी एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद केली. ईस्ट्रोजेनचा निरोप घेणारं त्याचं ग्राहक प्रथिनच बिघडलेलं होतं. उंची 204 सेंटिमीटर, चकत्या अजून उघड्या आणि वाढ चालूच! लवकर नसबंदी झालेल्या बोक्यातही निरोप अपुरा पडतो आणि चकती बंद व्हायला उशीर होतो.

पण तेवढ्याने त्या चकतीपाशी हाड मोडून खुबा निसटत नाही, नाहीतर नसबंदी झालेले सगळेच बोके लंगडले असते. 2001 साली खुबा निसटलेल्या 13 मांजरांच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, तेव्हा चळती विस्कटून पेशींचे वेडेवाकडे पुंजके झालेले दिसले. चकती मुळातच कच्ची आणि तिच्यावर जास्तीचं वजन, असा हा मामला आहे. मेन कून जातीतही तो दिसतो. 2017 मध्ये त्या जातीच्या 17 मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हा सगळं खापर नसबंदीवर फोडणारे संदेश पुढे पाठवू नका.

निदानाची खरी मेख वयात आहे. चार महिन्यांचं पिल्लू उंचावरून पडलं, तर उघड्या चकतीतून हाड निसटणं समजू शकतं. पण सव्वा वर्षाच्या बोक्याच्या एक्स-रेत चकतीची काळी रेघ दिसते, हाच पुरावा! ती रेघ तिथे असायलाच नको होती. पाय ताणून काढलेल्या फोटोत सुरुवातीचं निसटणं अनेकदा नजरेतून सुटतं. म्हणून गुंगी देऊन, मांड्या बेडकासारख्या फाकवून दुसरा फोटो काढतात. फोटो दोन्ही खुब्यांचा हवा, कारण दुखणं दुसऱ्या बाजूलाही असू शकतं. उशीर झाला, तर मांडीच्या हाडाची मान झिजत जाते आणि खाऊन उरलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखी दिसू लागते.

माणसातही याची जुळी कथा आहे. वजनदार किशोरवयीन मुलगा गुडघा दुखतो म्हणतो, फोटो गुडघ्याचा निघतो आणि निसटलेला असतो खुबा. मांजर तर तेवढंही सांगत नाही. ओट्यावर उडी मारणं बंद होतं आणि आपण म्हणतो, आळशी झालाय.

उपाय आहेत. मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान काढून टाकली, तर स्नायूंच्या आधारावर कामचलाऊ सांधा तयार होतो आणि बहुतेक मांजरं त्यावर छान चालतात. काही ठिकाणी कृत्रिम सांधाही बसवतात.

पत्रलेखकांना एवढंच सांगतो : गॅलरीचं दार कोणी उघडं ठेवलं, यावरून घरात भांडू नका. बोक्याचं वजन करा आणि एक्स-रे काढताना बेडकासारखा फोटो काढला का, दोन्ही खुबे पाहिले का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.