गट ऑफिसचा संगणक झोपतो तेव्हा

लागण नोंदीच्या ऐन गर्दीत आमच्या गट ऑफिसात घोटाळा झाला. चिटबॉय ५ सभासदांच्या नोंदी भरून चहाला गेला, त्या सेव्ह करायच्या राहिल्या. इकडे संगणक झोपला, मागोमाग वीज गेली, नि पाचही नोंदी पुसल्या. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच दमलेली. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर. मग सभासद चिडणार नाहीत तर काय!

मशीन बिघडलं, असं आम्हीही आधी म्हणालो. बिघाड नव्हताच. 'स्लीप'मध्ये चालू काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला थोडी का होईना वीज लागतेच. 'हायबरनेट'मध्ये तेच काम डिस्कवर उतरतं; वीज गेली तरी शाबूत. म्हणून विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये स्लीपपुढे 'नेव्हर' केलं, हायबरनेटला २० मिनिटं दिली. यूपीएसला नवी बॅटरी घातली.

घरी मुलांचा लॅपटॉप असेल तर बॅटरीवरची आणि प्लगवरची वेळ वेगवेगळी लावावी लागते. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. आम्हीही त्यात फसलो.

त्या ५ नोंदी चिटबॉयच्या वहीवरून मूळ तारखेनेच पुन्हा भरल्या आहेत. संबंधितांनी गट ऑफिसातून पावती न्यावी.