चामखीळ काढली, पण क्लेम काहून नाकारला? बिलावरचा एक शब्द पाहा

कपाशीवर फवारणी सुरू झाली की पंपाचा पट्टा खांद्यावर घासतो. माझ्या मानेखाली हरभऱ्याएवढी लोंबती चामखीळ होती. पट्टा नेमका तिथंच लागायचा आणि रक्त निघायचं. शेवटी एका खासगी दवाखान्यात ती काढून घेतली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. बिलावर एकच ओळ : ‘चामखीळ काढणे, कॉस्मेटिक’. घरचा आरोग्य विमा आहे म्हणून कागद पाठवले, तर क्लेम नामंजूर. घरी सगळे विचारतात, "काहून नाही देत म्हणते?" कारण तोच एक शब्द.

पीकविम्यात गट नंबर चुकला की पैसे अडतात, हे आपल्याला माहीत आहे. इथंही तसंच. प्रत्येक आजाराला आंतरराष्ट्रीय यादीत कोड आहे. विषाणूमुळे येणारी चामखीळ बी 07, चरबीची गाठ डी 17, तीळ डी 22. क्लेम तपासणारा माणूस तुमची मान पाहत नाही. तो कोड पाहतो आणि काढायचं कारण काय लिहिलं ते पाहतो.

दिसण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च आरोग्य विमा देत नाही. मात्र तब्येतीला थेट धोका असेल, ते काढणं गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर त्या नियमातून सूट आहे. म्हणून घासते, रक्त येते, पिकते, दुखते असं जे खरं असेल ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. खोटं मात्र लिहून घेऊ नका, क्लेमही जाईल अन् पॉलिसीही.

एवढं करूनही दुसरी अडचण आहेच. बहुतेक पॉलिसीत 24 तास भरती किंवा डे-केअर उपचार लागतो. ओपीडीत बसून चामखीळ जाळली तर तो ओपीडी खर्च, आणि ओपीडीचं संरक्षण घेतलेलं नसेल तर पैसे खिशातूनच. चरबीची मोठी गाठ चिरा देऊन, टाके घालून काढावी लागते. तिचा क्लेम बसतो का, हे आधीच कंपनीला विचारा. शिवाय कॉस्मेटिक शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, आजाराच्या उपचाराला तो माफ आहे. एका शब्दाचा असा दुहेरी फटका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, असंही बरेच जण विचारतात. ही योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं अमरावती होतं. पण तिथं ठरावीक उपचारांचीच यादी आहे. आपलं काम त्यात आहे का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा 155388 वर विचारता येते.

सोपा रस्ता सरकारी दवाखान्याचा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात उपचार मोफत आहेत. सर्जन कोणत्या वारी येतात तेवढं आधी विचारून जा, नाहीतर फेरी वाया जाते. अकोल्याचं सर्वोपचार वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहे, तो निर्णय त्या विभागाचा नव्हता. तिथली फी खिडकीवर विचारा.

खासगीत गेलात तर सुई टोचण्याआधी भाव विचारा : एका चामखिळीचा की एका बैठकीचा? मानेवर बारा असल्या तर फरक मोठा पडतो, बाप्पा. भूल, सामान, ड्रेसिंग त्यातच की वेगळं? तपशीलवार बिल मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, दवाखान्यांच्या 2021 च्या राज्य नियमांत तो आहे.

बायोप्सीचे पैसे मात्र वाचवू नका. तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, आपोआप रक्त येत असेल तर घोड्याचा केस बांधू नका, चुनाही लावू नका. डॉक्टरांना दाखवा आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. ती बिलावर वेगळी ओळ येते, तिचा रिपोर्ट जपून ठेवा. माझा साधा निघाला, कपाटात सातबाऱ्यासोबत ठेवला आहे.